किल्ल्यांची वही

डिसेंबरचा दुसरा शुक्रवार. ओमारूत उन्हाळा आहे
असं कॅलेंडर म्हणतं; समुद्रावरचा वारा मात्र
सकाळपासून कार्डिगनच्या बाह्यांत शिरतोय.
मी ऑफिसच्या खिडकीत,
पुढ्यात निळी वही आणि बिस्किटांचा रिकामा डबा.
जाणाऱ्यांनी आधी किल्ली द्यायची, सही करायची,
आणि मग हॉलमध्ये जाऊन रडायचं.
हा क्रम मी बावीस वर्षं कुणाला मोडू दिलेला नाही.

पहिल्या आल्या मिस मल्क्वीन. रसायनशास्त्राचं कपाट.
किल्लीची फीत आम्लानं खाल्लेली.
नववीतल्या एकीनं कधीकाळी
छताला जांभळा डाग पाडला होता,
तो रंगवू द्यायचा नाही, एवढंच बजावून गेल्या.
ती मुलगी आता डुनेडिनच्या इस्पितळात
औषधं मोजून देते.
डाग आहे. मी लक्ष ठेवीन.

मग मिसेस फालेआफा, संगीताची खोली.
सामोआला परत निघाल्यात,
आईला दिसेनासं झालंय म्हणून.
त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली नाही,
माझ्या तळव्यावर ठेवून माझी मूठ मिटली,
गावाला निघालेल्या पोराच्या हातात
आपण पैसे कोंबतो तशी.
निघाल्या होत्या त्या. पोर मी झाले.

मिस्टर कॉर्करी, भूगोल आणि होड्यांची शेड.
"चला मुलींनो" म्हणाले की
स्टाफरूममधल्या आम्ही साठीच्याही उठायचो.
तीन किल्ल्या दिल्या; चौथी हरवलीय म्हणाले.
कधी?
"दोन हजार अकरा साली."
तसंच लिहिलं.

आणि सिस्टर कोलंबा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या,
आमच्याकडच्या शेवटच्या.
कॉन्व्हेंटात सत्तावीस जणी जेवायला बसायच्या, हे सांगताना
अजून त्यांची बोटं ताटं मोजतात.
झग्याच्या खिशातून त्यांनी वीतभर लोखंडी किल्ली काढली.
कशाची?
"तेच आठवत नाही गं, नोएलीन."
वहीत कुलपाचा रकाना रिकामा कसा सोडायचा?
निघालो दोघी. चॅपल, तळघर, कोळशाची खोली,
प्रत्येक दारानं मान हलवली.
जुनं वसतिगृह भूकंपाच्या धास्तीनं पाडलं,
तिथे आता नेटबॉलचं मैदान.
पांढऱ्या रेषेवर सिस्टर अचानक थांबल्या,
हवेत, कमरेच्या उंचीवर, किल्ली धरली
आणि मनगट दोनदा उजवीकडे फिरवलं.
"हेच ते. नीट लागायचंच नाही.
एक मुलगी रोज रात्री पळून
धक्क्यावर पेंग्विन बघायला जायची.
मी दुरुस्तीचा अर्ज कधी केलाच नाही."

हॉलमध्ये चीज रोल संपत आले होते.
बारावीच्या मुलींनी पाय आपटून हाका केला,
खिडकीच्या काचा थरथरल्या,
मिस मल्क्वीन चष्मा पुसत राहिल्या, डोळे नाही.
मग प्रिन्सिपॉलबाईंनी सगळ्यांची नावं घेतली:
शिकवणाऱ्यांची, कँटीनच्या नायरीचं,
फरशी पुसणाऱ्या फिलोमिनाचं,
जिला प्रत्येक वर्गातल्या च्युइंगगमचा मालक माहीत आहे.
टाळ्या. माझंही नाव आलं म्हणे.
मी तेव्हा चहाचं भांडं उचलत होते.

पाच वाजता वही मिटली. किल्ल्या डब्यात,
जानेवारीत नव्या फिती लावायच्या.
लोखंडी किल्लीपुढे मी लिहिलंय:
"कुलूप नाही. दार होतं."
असं लिहायचा नियम नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दाराबाहेर मिस्टर कॉर्करी,
रेनकोट भूगोलाच्या खोलीतच राहिला.
स्वतःच्या खोलीची किल्ली मागताना
टोपी हातात घेऊन उभे.
मी पाहुण्यांचं रजिस्टर पुढे सरकवलं.
त्यांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली,
"कोणाला भेटायचे आहे" या ओळीवर
पेन बराच वेळ
तसंच टेकलेलं राहिलं.